नहालाल ते नेवातिम: स्थलांतरितांच्या सहकारी गावाची मुळे

रेवदंड्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या आजोबांचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, शेजारी १९५०च्या दशकात इस्रायलला गेले आणि 'ते तिकडे सहकारी गावात शेती करतात' असे घरात वर्षानुवर्षे सांगितले जाई. असे गाव, ज्याला तिकडे मोशाव म्हणतात, मुळात कोणी आणि कशासाठी वसवले, आणि ज्यांनी कधी नांगर धरला नव्हता अशा परदेशातून आलेल्या लोकांनी ते चालवले तरी कसे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. मी ३१ वर्षे सहकारी शेती संस्था आणि उपसा जलसिंचन संस्था यांच्या लेखापरीक्षणाचे काम केले आणि निवृत्तीपूर्वी एका अभ्यासदौऱ्यात अशी दोन गावे पायी हिंडून पाहिली. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी एक गैरसमज दूर करतो. मोशाव म्हणजे लहान किबुत्झ, असे आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटते. किबुत्झमध्ये मुळात सारेच सामाईक होते: जमीन, जनावरे, भोजनगृह आणि पुष्कळ ठिकाणी मुलांचे संगोपनसुद्धा. मोशावात प्रत्येक कुटुंबाचे घर वेगळे, गोठा वेगळा, शेताचा तुकडा वेगळा, आणि वर्षअखेरीचा नफातोटाही ज्याचा त्याचा. सहकार आहे तो शेताच्या भोवती. बी-बियाणे, खत आणि पेंड एकत्र खरेदी होते, दूध, अंडी आणि भाजीपाला एकत्र विकला जातो, कर्ज गावाच्या नावावर उचलले जाते, आणि घरातला कर्ता आजारी पडला तर त्याच्या गाई पिळायला शेजारी येतात. ही रचना कोणा एका विचारवंताने एका बैठकीत आखलेली नाही. आधीचे तीन प्रयोग जिथे जिथे अडले, तिथे तिथे नव्या गावाने एकेक नियम केला, आणि म्हणून त्या प्रयोगांपासूनच सुरुवात करावी लागते.

१९०४ ते १९१४ या काळात रशियन साम्राज्यातून हजारो ज्यू तरुण पॅलेस्टाइनमध्ये आले. तेव्हा तिथे उस्मानी तुर्कांचे राज्य होते. हे बहुतेक लहान गावांतल्या दुकानदारांची, कारागिरांची, धर्मशिक्षकांची मुले. रशियात ज्यूंच्या जमीनधारणेवर कडक निर्बंध असल्यामुळे पिढ्यानपिढ्या त्यांच्या घरात शेती नव्हती. १८८२पासून उभ्या राहिलेल्या जुन्या ज्यू वसाहतींत त्यांनी रोजंदारी धरली. त्या वसाहतींतल्या अनेकांना पॅरिसचे बॅरन एडमंड द रॉथशिल्ड यांनी पैसा पुरवला होता आणि कोणते पीक लावायचे, कोणाला किती रक्कम द्यायची, हे त्यांचे कारभारी ठरवत. मजूर म्हणून हे सारे जवळून पाहिलेल्या तरुणांच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली: शेतकऱ्याच्या डोक्यावर बाहेरचा कारभारी असला की तो शेतकरी राहत नाही.

पहिला प्रयोग १९०८ साली पेताह तिक्वाजवळ एन गानिम येथे झाला. मजुरांना घरामागे जमिनीचा तुकडा दिला की ते दिवसा संत्र्याच्या बागांत रोजंदारी करतील आणि सकाळ-संध्याकाळ आपली भाजी, कोंबड्या, गाय सांभाळतील, असा हिशेब होता. तुकडा इतका लहान होता की त्यावर कुटुंब जगेना, आणि रोजंदारीमुळे तुकड्याकडे पाहायला वेळ मिळेना. आपल्याकडे पाऊण एकर कोरडवाहू जमीन असलेला शेतमजूर ज्या कात्रीत सापडतो, तीच ही कात्री.

दुसरा प्रयोग १९११ साली जेझ्रील खोऱ्यातल्या मेरहाविया येथे, जर्मन समाजशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ फ्रांट्स ओपेनहायमर यांच्या योजनेनुसार झाला. मोठे एकत्र शेत, त्यावर प्रशिक्षित व्यवस्थापक आणि कामाच्या कुवतीनुसार वेगवेगळे वेतन, अशी ती मांडणी होती. कागदावर ती सुबक दिसते. प्रत्यक्षात व्यवस्थापक आणि कामकरी यांच्यात तंटे झाले, वेतनातला फरक खुपू लागला, त्यात पहिले महायुद्ध आले आणि प्रयोग मोडला.

तिसरा प्रयोग म्हणजे गालिली सरोवराच्या काठी १९१० साली उभे राहिलेले देगानिया. इथे व्यवस्थापक नव्हता, वेतन नव्हते, सारे समान होते, आणि हा प्रयोग टिकला. तो आजही उभा आहे. पण त्याच्या आत वेगळा प्रश्न उगवला. लग्ने झाली, मुले झाली, आणि काही सदस्यांना वाटू लागले की स्वतःच्या चुलीशिवाय आणि स्वतःच्या निर्णयाशिवाय हे जगणे आपल्याला जमणारे नाही. असे वाटणाऱ्यांत श्मुएल आणि द्वोरा दायान हे जोडपे होते. त्यांचा १९१५ साली देगानियात जन्मलेला मुलगा मोशे पुढे इस्रायलचा सेनाप्रमुख आणि संरक्षणमंत्री झाला. हे लोक भांडून किंवा हार मानून बाहेर पडले नव्हते. सहकार हवा, पण कुटुंब त्यात विरघळू नये, इतकेच त्यांचे म्हणणे होते.

माझ्या कामामुळे मला हे म्हणणे लगेच उमगले. आपल्याकडे १९५९च्या नागपूर काँग्रेसच्या ठरावानंतर सामुदायिक शेतीचा बराच बोलबाला झाला आणि नंतरच्या काळात तशा काही संस्थांची दप्तरे माझ्या टेबलावर आली. एका संस्थेचे हजेरीपत्रक मला अजून आठवते. आषाढातल्या एकाच आठवड्यात २२ सदस्य रोज 'हजर' होते, प्रत्येकाची सही निळ्या शाईत, एकाच वळणाची. शेतावर गेलो तर सामुदायिक भुईमुगात गुडघाभर तण माजलेले, आणि बांधापलीकडे त्याच सदस्यांच्या स्वतःच्या वावरांत खुरपणी होऊन जमीन आरशासारखी स्वच्छ. ही माणसे आळशी नव्हती. खुरपणीसारखे काम कोणाच्या देखरेखीवर होत नाही, ते ज्याच्या जिवाला लागते त्याच्याच हातून होते.

या तीन अनुभवांना एकत्र बांधण्याचे काम एलिएझर योफे यांनी केले. बेसारेबियात जन्मलेला हा माणूस काही वर्षे अमेरिकेत राहून शेतीचे शिक्षण घेऊन आला होता. १९१९ साली त्यांनी कामकऱ्यांचे मोशाव कसे उभारावेत याविषयी एक पुस्तिका लिहिली. तिच्याभोवती जमलेल्या मंडळींनी ११ सप्टेंबर १९२१ रोजी जेझ्रील खोऱ्याच्या पश्चिम भागात नहालाल हे पहिले गाव वसवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, त्याच खोऱ्यात, कफार येहेझ्केल हे दुसरे गाव आले.

आता नियम पाहा. जमीन ज्यू राष्ट्रीय निधीची, म्हणजे ज्यू वसाहतींसाठी जमिनी विकत घेणाऱ्या संस्थेची, राहील आणि कुटुंबाला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळेल, म्हणजे कर्जापायी ती सावकाराकडे जाणार नाही आणि कोणी शेजाऱ्याची विकत घेऊन मोठा जमीनदार होणार नाही. प्रत्येकाला सारखी जमीन मिळेल, सुमारे १०० दुनम, म्हणजे जवळपास २५ एकर. हे एन गानिमच्या तोकड्या तुकड्याला दिलेले उत्तर होते. शेत कुटुंबाने स्वतःच्या हाताने कसायचे, मजूर लावायचा नाही. जुन्या वसाहतींत मजूर म्हणून जे भोगले ते आपण मालक होऊन दुसऱ्याला भोगायला लावणार नाही, असा त्यामागचा निश्चय होता. व्यवस्थापक नेमायचा नाही, वार्षिक सर्वसाधारण सभेने निवडलेली समिती कारभार पाहील; मेरहावियाचा धडा तो हाच. आणि पट्टा एकाच वारसाकडे जाईल, शेताची वाटणी होणार नाही. माझ्या मते सर्वांत दूरदर्शी नियम हा आहे. आपल्याकडे तीन पिढ्यांत २५ एकरांचे काय होते हे सातबारा उताऱ्यावर कोणीही पाहावे. अर्थात याची किंमत होती. एक मुलगा किंवा मुलगी घरी राही आणि बाकीच्यांना दुसरी वाट शोधावी लागे. नवनवी गावे वसत होती तोवर ती वाट मोकळी होती.

परस्पर हमीचा नियम मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे, कारण गाव खऱ्या अर्थाने त्याच्यावर उभे होते. सगळ्यांचे दूध गावाच्या डेअरीत जाई, विक्रीची रक्कम गावाच्या कार्यालयात येई आणि तिथे प्रत्येक कुटुंबाच्या खात्यावर जमा-नावे पडे. पेंडेचे पैसे, पाणीपट्टी, शाळेचा आणि दवाखान्याचा हिस्सा त्यातूनच वळता होई. बाहेरचा धनको एकट्यादुकट्या शेतकऱ्याला नव्हे, तर गावाला ओळखत असे, आणि एकाचे थकले तर सगळे जबाबदार. आपल्या १९०४च्या सहकारी पतसंस्था कायद्यात ग्रामीण संस्थांना अमर्यादित जबाबदारीचे जे तत्त्व लावले गेले, ते याच कुळातले. जर्मनीतल्या रायफायझेन यांच्या ग्रामीण पतपेढ्यांपासून ते आपल्याकडे आले. फरक इतकाच की नहालालमध्ये कर्ज आणि विक्री एकाच कार्यालयातून होत असे. ज्याच्या हातात दुधाचा पैसा, त्याच्याच हातात कर्जाची वसुली. सहकारी वसुलीत आयुष्य घालवलेल्या माणसाला या एका व्यवस्थेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. १९२६ साली तनुवा ही मध्यवर्ती विक्री संस्था निघाली तेव्हा तिच्या उभारणीतही योफे पुढे होते.

जागा मात्र कोणी आनंदाने निवडावी अशी नव्हती. खोऱ्याचा तो भाग पाणथळ, दलदलीचा आणि हिवतापाचा. वसाहतकऱ्यांनी आधी शेजारच्या शिमरोन टेकडीवर तंबू ठोकले आणि दलदलीतले पाणी चर खणून आणि जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरून काढले. मगच खालच्या सपाटीवर घरे आली. घरे तरी कसली, वर्षानुवर्षे लाकडी खोपटीच. गोठे मात्र आधी पक्के झाले, कारण गाय आजारी पडली तर कर्ज थकणार होते.

गावाचा आराखडा जर्मनीहून १९२० साली आलेले वास्तुरचनाकार रिशार्ड काउफमान यांनी काढला. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात तो चाकासारखा दिसतो, पण मला तो जमिनीवर चालताना कळला. मधल्या वर्तुळात शाळा, सभागृह, भांडार आणि गावाच्या इतर सामाईक इमारती. त्याभोवती फिरणारा रस्ता. रस्त्याच्या बाहेरच्या कडेला घरे, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. घरामागे गोठा आणि कोंबड्यांची खुराडी, त्यामागे भाजीचे वाफे, त्यामागे मागे मागे रुंद होत गेलेले शेत, भाकरी मध्यापासून कापावी तसे. मी रस्त्याने एक फेरी मारली आणि लक्षात आले की इथे गावकुसातले घर आणि वेशीबाहेरचे घर असा भेदच नाही. सभागृहापासून प्रत्येक दार जवळपास सारख्याच अंतरावर आहे. सुमारे ८० कुटुंबांच्या समतेचा नियम असा रस्त्याच्या आखणीतच उतरला आहे.

या जागेचा आणखी एक इतिहास आहे आणि तो टाळून उत्तर प्रामाणिक होणार नाही. खोऱ्यातली बरीच जमीन बैरुतच्या सुरसॉक या सावकार-व्यापारी घराण्याच्या नावावर होती आणि येहोशुआ हांकिन यांनी निधीच्या वतीने ती त्यांच्याकडून विकत घेतली. व्यवहार कायदेशीर होता, पण कसणारी अरब कुळे वेगळीच होती आणि विक्रीनंतर खोऱ्यातल्या अनेकांना जमीन सोडावी लागली. नहालाल जिथे उभे आहे तिथे माहलूल नावाचे अरब गाव होते, हे स्वतः मोशे दायान यांनी १९६९ साली हैफाच्या तंत्रविद्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांपुढे स्पष्टपणे सांगितले होते. गैरहजर जमीनदार आणि बेदखल कूळ ही जोडी महाराष्ट्राला परकी नाही. नव्या गावाच्या कर्तृत्वाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्याच पानावर कुळांचे हे नुकसानही नोंदलेले असले पाहिजे असे मी मानतो.

शेतीचे स्वरूप ठरवण्यात कृषितज्ज्ञ यित्झाक विल्कान्स्की यांचा मोठा वाटा होता. एकाच पिकावर न विसंबता धान्य, वैरण, गाई, कोंबड्या, भाजी आणि फळझाडे यांची मिश्र शेती करावी, हा त्यांचा आग्रह. त्यात तोट्याचा धोका वाटला जातो हे खरेच, पण मजूर न लावण्याच्या नियमाचाही त्यात मोठा विचार होता. केवळ गहू लावला तर कापणीच्या तीन आठवड्यांत घरच्या माणसांना काम झेपत नाही आणि पुढचे कित्येक महिने हात रिकामे राहतात. दूध-अंडी धरली तर काम वर्षभर सारखे पसरते आणि पैसाही दररोज येतो. स्थानिक आणि दमास्कसच्या गाईंचा हॉलंडच्या वळूंशी संकर करून त्यांनी दूध वाढवले. हे सर्व काम प्रत्यक्षात पेलले ते मोठ्या प्रमाणात स्त्रियांनी, आणि त्यांना शिकवण्यासाठी हाना मायसेल यांनी नहालालमध्येच मुलींची शेतीशाळा चालवली.

इथवर जे सांगितले ते स्वतः ठरवून आलेल्या लोकांचे. दहा-बारा वर्षे मजुरी करून, तीन प्रयोगांचे बरेवाईट पाहून, हाच नियम हवा असे म्हणत ते आले होते. १९४८नंतर चित्र पालटले. नव्या राज्यात काही वर्षांत लाखो निर्वासित आणि स्थलांतरित येऊन पोहोचले आणि त्यांना वसवण्यासाठी लेवी एश्कोल यांच्या अखत्यारीतल्या वसाहत विभागाने मोशावचाच साचा उचलला. थोड्याच वर्षांत शेकडो मोशाव उभे राहिले. येमेन, मोरोक्को, कुर्दिस्तान, रुमानिया आणि आपल्या कोचीहून आलेली माणसे त्यांत राहायला गेली.

नेगेवच्या वाळवंटात बीरशेबाजवळचे नेवातिम हे त्यांपैकी एक. ऑक्टोबर १९४६मध्ये एका रात्रीत नेगेवमध्ये उभारलेल्या ११ वसाहतींत त्याचा समावेश होता, पण ती पहिली वस्ती टिकली नाही. १९५४ साली तिथे कोचीचे मल्याळी बोलणारे ज्यू आले. हत्तीरोगाच्या भीतीमुळे आरोग्य अधिकाऱ्यांनी त्यांचे येणेच काही काळ रोखून धरले होते. ते बहुतेक लहान व्यापारी आणि दुकानदार. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावातून जेमतेम दोनशे मिलिमीटर पावसाच्या भुरभुरीत पिवळ्या मातीत ते उतरले. नेगेवला पाणी देणारी यार्कोनची मोठी जलवाहिनी १९५५मध्ये सुरू झाली, आणि तिच्याशिवाय तिथे शेती होणे शक्यच नव्हते.

त्यांच्या हाती नियमावली आली ती नहालालचीच, पण ती त्यांनी स्वतः घडवलेली नव्हती. जुन्या मोशावांतून आलेले मार्गदर्शक पेरणी कधी करायची, कोंबड्यांना काय घालायचे आणि भांडाराचा हिशेब कसा ठेवायचा हे ठरवत. त्यांतले कित्येक विशी-पंचविशीतले तरुण होते आणि त्यांनी मनापासून कष्ट घेतले, यात शंका नाही. तरीही ज्या कारभाऱ्याला टाळण्यासाठी हे गाव मुळात जन्मले, तोच कारभारी शिक्षकाच्या रूपाने पुन्हा दाराशी उभा राहिला. नवी संस्था आपल्याकडे शासनाच्या प्रशासकाच्या हाताखाली सुरू होते तेव्हा सदस्य सभेत गप्प बसायला शिकतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. तो गप्पपणा मोडायला पाच-दहा वर्षे जातात. नेवातिमने तो मोडला. आधी कोंबड्या, मग फुले, आणि हळूहळू समितीतले सचिव, भांडारपाल, हिशेबनीस सारे गावातले झाले. कोचीजवळच्या चेन्नमंगलमहून इस्रायलला गेलेल्या बेझालेल एलियाहू यांनी तर फुलशेतीत एवढे नाव मिळवले की पुढे भारत सरकारने त्यांना प्रवासी भारतीय सन्मान दिला. मी नेवातिमला गेलो तेव्हा एका खुराड्याच्या भिंतीलगत कढीपत्त्याचे झाड होते, ठिबकच्या नळीवर जगवलेले. त्या घरच्या आजींनी त्याची डहाळी तोडून माझ्या हातात दिली आणि तुमच्याकडे पाऊस कसा झाला, असे विचारले.

१९८०च्या दशकात मोशाव चळवळीला मोठा धक्का बसला, आणि तो नेमका परस्पर हमीतून बसला. १९८५च्या आर्थिक स्थिरीकरणानंतर व्याजदर चढले, गावांच्या प्रादेशिक खरेदी संघटना बुडाल्या, आणि नीट शेती करणाऱ्या कुटुंबांवरही शेजाऱ्यांच्या आणि शेजारच्या गावांच्या कर्जाचा बोजा आला. १९९२ साली कर्जांच्या फेररचनेसाठी खास कायदा करावा लागला. ८० कुटुंबांचे एकमेकांना ओळखणारे गाव जी हमी पेलते, ती डझनावारी गावांच्या संघावर पसरली की धनको, ऋणको आणि जामीन एकमेकांना ओळखतही नाहीत, आणि मग हमीचा अर्थच उरत नाही. पुढे स्वतःच्या हाताने कसण्याचा नियमही सैल पडला. १९९०च्या दशकापासून अनेक मोशावांच्या शेतांत थायलंडहून आलेले मजूर राबतात.

आता तुमच्या आजोबांच्या शेजाऱ्यांविषयी. भारतातून मोशावात गेलेले लोक प्रामुख्याने कोचीचे. नेवातिमखेरीज मेसिलात झियोन, ताओझ, अवीएझेर आणि युवाल ही त्यांची गावे. कोकणातले बेने इस्रायली बहुतांशी बीरशेबा, दिमोना, लोद, रामला, अश्दोद अशा शहरांत स्थिरावले आणि कारखान्यांत, रेल्वेत, कार्यालयांत कामाला लागले. तेव्हा 'सहकारी गावात शेती करतात' हे घरात सांगितले गेलेले वाक्य खरे असू शकते, पण ते शेजाऱ्यांच्या पहिल्या काही वर्षांपुरते किंवा एखाद्या शाखेपुरतेच खरे असण्याची शक्यता अधिक. शोध घ्यायचा असेल तर आधी त्यांचे कोकणातले आडनाव नक्की करा. रेवदंडेकर, नवगावकर, पेणकर अशी गावावरून पडलेली आडनावे तिकडेही पुष्कळांनी जपली आहेत. इस्रायलमधून निघणाऱ्या 'मायबोली' या मराठी नियतकालिकाच्या वाचकवर्गातून माणसे सापडू शकतात. आणि गावाचे नाव कळले, तर त्या मोशावाच्या सचिवाकडे पहिल्या वसाहतकऱ्यांची यादी मागा. कुटुंबनिहाय खाते ठेवणे हा त्या व्यवस्थेचा कणाच होता, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनचा हिशेब आणि त्यावरची नावे गावाच्या दप्तरात मिळण्याची चांगली आशा आहे.